आईचा घसा

दर उन्हाळ्यात एका रविवारी आमचा सगळा गोतावळा तळ्यावर जातो, आणि दर वेळी आई काठावर झाडाखाली सतरंजी टाकून आमचे कपडे, चष्मे नि चपला राखत बसते. हे काम तिच्या गळ्यात कुणी टाकलं ते आता कुणालाच आठवत नाही. ती पाण्याला घाबरते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आमच्या सामानाची सोय होत असल्यामुळे त्यावर कुणी फार विचार केला नाही.

तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अगदी उलट. पोहायला शिकवणं हाच तिचा पेशा. घरात सगळे तिला बेडकी म्हणतात आणि ती ते नाव ऐटीत मिरवते. तिची शिकवायची रीत ठरलेली आहे. ती कुणालाही पाण्यात ओढत नाही. आधी घरी बादलीत तोंड बुडवायचं, सावकाश बुडबुडे सोडायचे, आणि छातीतली धडधड थांबली की मग तिच्याकडे यायचं. रडत आलेली माणसं तिच्याकडून हसत जातात हे मी स्वतः पाहिलंय.

यंदा मावशीच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर मोठ्या माणसांचं वजन पेलायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं. त्याच संध्याकाळी आईने तिला फोन केला. मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते.

"ऑपरेशनच्या आधी मला एकदा तरंगायचंय," आई म्हणाली. "तुझ्याच हातांवर. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही."

फोन ठेवून तिने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "कुणाला बोललीस तर बघ! एकदा कळलं की घरातला एकेक जण अक्कल शिकवायला येईल आणि तुझा दादा व्हिडिओ काढेल."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवसापासून आई रोज सकाळी बाथरूमचं दार लावून बादलीत तोंड घालू लागली. बाहेर ऐकू यायचं ते नुसतं गुळगुळ, गुळगुळ, आणि मध्येच एक जोरदार ठसका. बाबांनी लगेच निदान केलं: घसा बसलाय, गुळण्या चालल्यात. आमच्याकडे आजार ओळखायला डॉक्टर लागत नाही, दाराला कान लावला की भागतं. बाबांनी गुळण्यांचं औषध आणलं, वहिनीने आईस्क्रीम बंद केलं, आणि ऐन उकाड्यात दादा पंख्याचा वेग कमी करून गेला. आईने ताकास तूर लागू दिली नाही. घामाने निथळत बसली, पण बोलली नाही. माझं मात्र हसू दाबून दाबून पोट दुखायला लागलं.

रविवारी तळ्यावर बाबांनी आपली घडीची खुर्ची थेट आईच्या सतरंजीला चिकटवली. "घशाची ही अवस्था! पायसुद्धा ओला करायचा नाही," असं फर्मान सोडून ते पेपर वाचत पहाऱ्याला बसले. मुलं डुंबून आली, कलिंगड संपलं, ऊन उतरायला लागलं. मावशी कंबरभर पाण्यात उभी राहून सारखी काठाकडे बघत होती. हा दिवस असाच निघून जाणार, असं मला वाटायला लागलं.

आणि आई उठली. "अहो, जरा या सामानाकडे बघा."

"कुठे निघालीस?"

"तरंगायला."

तिने अंगावरचा सैल गाऊन काढला. आत माझा पोहण्याचा जुना पोशाख, आणि त्यावर बाबांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट.

"हा माझा शर्ट आहे!"

"हो. ओला होणार आहे."

"आणि घसा?"

"घसा ठणठणीत आहे. बादलीत श्वास सोडायला शिकत होते."

"मग ते औषध?"

"त्याच्याही गुळण्या केल्या. तुम्ही एवढ्या प्रेमाने आणलं होतं."

दादाचा हात फोनकडे गेला, तो मी वरच्या वर धरला.

आई पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मुठी घट्ट आवळलेल्या. मावशीने तिच्या पाठीखाली हात घातला. "मान सोड, ताई. मी आहे." आई क्षणभर आडवी झाली आणि घाबरून ताठली. पाय खाली गेले, नाकातोंडात पाणी गेलं.

"पुरे आता! बाहेर या दोघी!" बाबा काठावरून ओरडले.

आईने तोंड पुसलं. "पुन्हा."

पुन्हा तेच झालं. मावशीने या वेळी हात बदलला. दुखण्याने तिचे ओठ मिटले होते.

"खांदा दुखतोय ना तुझा?" आईने विचारलं.

"दुखतोय. तू बोलू नकोस, आभाळाकडे बघ."

त्या दोघींचं मला इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. एक दुखऱ्या हाताने धरायला तयार, आणि दुसरी इतकी घाबरलेली असूनही मागे फिरायला तयार नाही.

आईने पुन्हा मान टाकली. डोळे मिटले, लांब श्वास सोडला, आणि तिच्या मुठी उघडल्या. बाबांचा शर्ट पाण्यावर पसरला. मी मावशीच्या हातांकडे पाहिलं, तर तिचे दोन्ही हात पाण्याच्या वर होते.

बाबा पँटसकट गुडघाभर पाण्यात आले होते. "अगं!" त्यांनी हाक मारली. "अगं, ऐकतेस का?"

आईचे कान पाण्याखाली होते. कुणीतरी हाक मारली आणि आई आली नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

बाबा पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी हळूच म्हणाली, "भाऊजी, राहू द्या ना तिला थोडा वेळ."