खंडेनवमीला तापवलेला चुंबक

मी एक जुना नालाकृती चुंबक आहे, मित्रांनो. खामगावच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात कापूस ज्या लाकडी पन्हळीतून यंत्रात उतरतो, तिच्यावर मी टांगलेला असे. संशय घेणे हाच माझा धंदा. गाडी देऊळघाटची असो की मेहकरची, कापूस कितीही पांढराशुभ्र दिसो, मला त्याचा भरवसा नसे. त्यात बैलाच्या नालेचा एखादा खिळा लपलेला असायचाच. तो यंत्राच्या पात्यावर आपटला की ठिणगी उडते, आणि कापूस पेटायला तेवढी पुरते. मी तो आधीच ओढून घ्यायचो.

माझ्यात ही ताकद कुठून आली? मी पोलादाचा. पोलादात लोखंड आणि कार्बन मिळून कार्बाइड तयार होते. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण माझ्या अंगभर विखुरलेले आहेत. माझे चुंबकत्व ढळू लागले की हे कण आडवे येतात. आगीपुढे मात्र त्यांचे काही चालत नाही. लालभडक तापवले की चुंबकत्व जाते आणि निवल्यावर आपोआप परत येत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षे झाली असतील. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा होती. शेषराव मिस्त्री भारी हौशी. माझ्यावर तेलाचा आणि कापसाच्या धुरळ्याचा थर बसला होता, तो घासून निघेना. शेषरावाने मला सरळ भट्टीत ठेवले. थर जळाला, मीही लाल झालो. गार झाल्यावर त्याने मला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. सगळ्यांनी वाहवा केली. मला मात्र त्या कौतुकाचा संशय आला, कारण अंगाला टेकवून ठेवलेला पाना एरवी मला घट्ट चिकटायचा, तो आज घरंगळून पडला.

हंगाम सुरू झाला. एका दुपारी माझ्या डोळ्यांदेखत एक खिळा पन्हळीतून खाली गेला. मी सगळा जीव एकवटला, पण तो थांबला नाही. ठिणगी उडाली आणि कापूस पेटला.

बादल्या ओतून आग विझवली. पण आता सगळ्यांच्या नजरा फकीर मोहम्मदवर खिळल्या. यंत्रात कापूस सोडायचे काम त्याचे होते. शेषरावच पहिल्यांदा बोलला.

"बिडी पेला असंन हा. दुसरं काय?"

"मी बिडीले हात नाई लावत. तुले मालूम हाये."

"मंग आग काऊन लागली बे?"

"कापसात खिळा असंन."

मॅनेजर अर्जुनराव हसले. "वर चुंबक असताना?" त्यांनी फकीर मोहम्मदला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितले. सरकी निवडणारी त्याची बायको इमामबी दारात उभी होती. ती आत येऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली.

शेषरावाचे समाधान झाले नव्हते. चुंबक शाबूत आहे हे फकीर मोहम्मदला दाखवायला त्याने मला खाली काढले. "पाय, कसा चिकटते ते!" म्हणत त्याने माझ्या टोकाला खिळा लावला आणि हात सोडला. खिळा फरशीवर पडला. त्याने पुन्हा लावला, तो पुन्हा पडला. शेषरावाचा चेहरा उतरला.

"साहेब, म्याच तापवला व्हता याले," तो कसाबसा म्हणाला, आणि फकीर मोहम्मदपुढे हात जोडून उभा राहिला.

"रोज माह्या बाजूले बसून जेवते तू," फकीर मोहम्मद म्हणाला. "कधी वास आला काय बिडीचा? सांग ना."



दुसऱ्या दिवशी फकीर मोहम्मद कामावर आला. भट्टीतून हळूहळू निवल्याने मी मऊ पडलो होतो, म्हणून मलाही कडक करायला पुन्हा तापवून पाण्यात विझवले, तारेच्या वेटोळ्यात ठेवून वीज सोडली, आणि मी परत खिळे पकडू लागलो.

मित्रांनो, माझी पूजा जरूर करा, पण मला विस्तवापासून दूर ठेवा. रोज काम सुरू करण्याआधी मला एक खिळा लावून बघा. माझ्यावर खुशाल संशय घ्या, मला राग येणार नाही. फकीर मोहम्मदला आला होता. दुपारची सुट्टी झाली की तो आपला डबा घेऊन इमामबीजवळ जाऊन बसे, आणि शेषराव माझ्याखाली एकटा जेवी.