शेजारचा सेल

वॉशिंग मशीनने काम संपल्याची शिट्टी दिली आणि मी दाराशी जाऊन डोकावले. आतल्या खोलीत लेक दुपारची झोपली होती. तिने नुसती कूस बदलली. म्हणजे अजून अर्धा तास माझा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाचणीगाडीच्या जुन्या बॅटरीतून काढलेली एक पांढरी पट्टी होती. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणार असलेल्या आमच्या रेल्वेच्या बॅटरीत शेकडो सेल खेटून बसवलेले असतात. एखादा पेटलाच तर आग शेजारी जाऊ नये म्हणून मधे ही पट्टी. नवी असताना तीन मिलिमीटर. ही मोजली, तर दीडसुद्धा भरेना. बॅटरी आठ वर्षं चालवायची; वापरून वापरून सेल फुगतात आणि पट्टी चेपते. आम्ही मात्र आगीच्या तिन्ही चाचण्या खोक्यातून काढलेल्या कोऱ्या सेलवर उरकल्या होत्या.

तिथूनच दबक्या आवाजात साहेबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या मंजुरीच्या कागदावर माझी सही व्हायची होती. जुन्या सेलवर चाचणी घेतल्याशिवाय ती करणार नाही म्हटल्यावर ते हसले. तीनदा पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवणाऱ्या तुम्ही पहिल्याच बाई, म्हणाले.

"साहेब, गाडीत माणसं आठव्या वर्षीही बसणार आहेत."

मग साहेब म्हणाले, पंधरा दिवस देतो; चुकलात तर उशिराचं खापर तुमच्याच डोक्यावर.

फुगलेले जुने सेल चेपलेल्या पट्ट्यांसकट प्रयोगशाळेत रांगेत लावून आम्ही एक मुद्दाम तापवून पेटवला. चार मिनिटांत अख्खी रांग गेली. साहेबांनीही काचेपलीकडून ते पाहिलं. मग आमच्या वर्कशॉपमधले फिटरकाका आणि मी मिळून मधे कडक टेकू बसवले, सेल कितीही फुगो, पट्टी चेपता कामा नये. चौदाव्या दिवशी पुन्हा पेटवला. तो जळाला. शेजारचा नव्वद अंशांवर थांबला, तो थांबलाच. तासाभराने काकांनी हातमोजे काढले.

"पोरी, जिंकलीस गं."

साहेबांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. आधी तुमची, म्हणाले.

संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन चाचणीची फिल्म दाखवली. बघ, हे आईनं केलंय, एकच पेटला आणि बाकीचे सगळे वाचले. मी आपली फुशारकीत. तिने पुन्हा लावायला सांगितली, मग पुन्हा. तिसऱ्यांदा जळणाऱ्या सेलवर बोट ठेवून माझ्याकडे वळली.

"आई, मग याला का नाही वाचवलंस?"