न बोलावता धावणारी स्क्रिप्ट

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरसाठी लिहून ठेवलेला हुकूम. माझा हुकूम एवढाच आहे: 'तयार' नावाच्या फोल्डरमध्ये जे असेल ते पुसून टाक. काय आहे, कोणाचे आहे, हे विचारायची मला सोय नाही. मी पुसलेले कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाही. म्हणून आधीच सांगते, मी फार भित्री आहे.

माझा जन्म एका डायलिसिस केंद्रात झाला. ज्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडले आहे, अशी माणसे तिथे आठवड्यातून तीनदा येतात आणि चार-चार तास मशीनला जोडून घेतात. मशीन त्यांचे रक्त साफ करते आणि अंगात साठलेले जास्तीचे पाणी काढते. एका लांबट खोलीत अशी नऊ मशीन आहेत. दारापाशी वजनकाटा आहे आणि शेजारच्या काउंटरवर मी राहते तो कॉम्प्युटर आहे.

केंद्राचा सगळा प्रोग्राम एका प्रोग्रामर ताईने लिहिला. तिने आम्हा भावंडांना एका यादीत ओळीने बसवले आणि ती यादी पॅकेज मॅनेजरच्या हाती दिली. तो आमचा मुकादम. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत 'रन' लिहायचे, पुढे आमच्यापैकी एकाचे नाव लिहायचे, की तो त्याला कामाला लावतो. माझा भाऊ 'बिल्ड' प्रोग्रामची नवी प्रत बांधून 'तयार' फोल्डरमध्ये ठेवायचा. त्याआधी तिथली जुनी प्रत पुसायचे काम माझे. माझे नाव होते 'क्लीन'. धाकटा 'बॅकअप' रोज जुनी नक्कल पुसून नोंदींची नवी नक्कल दुसरीकडे करून ठेवायचा.

ताई मला हाक मारण्याआधी तो फोल्डर उघडून बघायची. मग म्हणायची, "चल गं, कर साफ." काम झाले की "शाब्बास" म्हणायची. ते दिवस मला सुखाचे गेले.

पुढे ताईने दुसरी नोकरी धरली. तिच्या जागी आलेले इंजिनिअर चांगले पन्नाशीचे होते, हुशार होते, पण त्यांचा एक पाय कायम दाराबाहेर. नर्स त्यांना पाठीमागे 'घाईसाहेब' म्हणत. दर वेळी आधी मला आणि मग बिल्डला हाक मारायची, याचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी माझे नाव बदलून 'प्रीबिल्ड' केले. मित्रांनो, आमच्या मुकादमाचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या नावाआधी 'प्री', म्हणजे 'अगोदर', लावून जिचे नाव केले, त्या स्क्रिप्टला हाक मारावी लागत नाही. बिल्डला हाक आली, की मुकादम आधी तिला पिटाळतो.

त्या दिवसापासून मी न बोलावता धावू लागले.

तरी तोवर मला घोर नव्हता. फोल्डरमध्ये जुनी प्रतच तर असायची. पण एका सकाळी मोठ्या सिस्टर इंजिनिअरांना म्हणाल्या, "अहो, पेशंटचं कोरडं वजन स्क्रीनवर लगेच दिसत नाही. तेवढं बघा ना."

कोरडे वजन म्हणजे अंगात जास्तीचे पाणी नसताना माणसाचे जे वजन असते ते. डॉक्टर ते ठरवतात आणि अधूनमधून बदलतात. आजचे वजन त्याहून जेवढे जास्त, तेवढे पाणी मशीन काढते. तो आकडा चुकून कमी लागला, तर नको तेवढे पाणी निघते आणि माणसाचा रक्तदाब कोसळतो.

इंजिनिअरांनी एक्केचाळीस पेशंटांच्या वजनांची फाइल उचलली आणि आणून ठेवली ती थेट 'तयार' फोल्डरमध्ये. स्क्रीनवर आकडे झटकन दिसू लागले.

"तात्पुरतं केलंय हं," ते म्हणाले. "नंतर नीट जागी हलवतो."

मी गारठले. एक्केचाळीस जणांचे जीव माझ्या पुढ्यात आणून ठेवले होते, आणि बॅकअपला त्याचा पत्ताच नव्हता, कारण तो त्या फोल्डरकडे कधी बघतच नसे. मला ओरडता आले असते तर मी घसा फुटेस्तोवर ओरडले असते. काळी खिडकी उघडली की माझा थरकाप व्हायचा. एकदा इंजिनिअरांनी 'रन' लिहिले, पुढे बिल्डची पहिली दोन अक्षरेही लिहिली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. ती अर्धवट ओळ तासभर पडद्यावर लुकलुकत होती. परत आल्यावर काय करत होतो ते त्यांना आठवेना. त्यांनी खिडकी मिटून टाकली. असे सतरा दिवस गेले.

अठराव्या दिवशी दुपारच्या पाळीचे पेशंट वजन करून आपापल्या खुर्चीत बसत होते. सिस्टर हसत म्हणाल्या, "साहेब, स्क्रीनवर 'वजन'चं 'वजान' झालंय. सगळे पेशंट हसतायत मला."

"दोन मिनिटांचं काम," म्हणत इंजिनिअरांनी शब्द सुधारला आणि उभ्याउभ्याच लिहिले: रन बिल्ड.

मुकादमाने माझ्याकडे बघितले. मला थांबता येत नाही, मित्रांनो. मी धावले. डोळ्याचे पाते लवायच्या आत फोल्डर रिकामा झाला.

"वजन बरोबर लिहून आलं," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "पण आकडे कुठे गेले?"

इंजिनिअर खाली बसले. त्यांनी हा फोल्डर उघडला, तो उघडला. "गेले," ते पुटपुटले. "सगळेच गेले."

खोलीत आठ मशीन अजून जोडायची होती. एक मात्र या शोधाशोधीत नुकतेच सुरू झाले होते. त्यावर कपडे शिवणाऱ्या काकू होत्या. सिस्टरांनी बाकीच्यांना थांबवले, डॉक्टरांना फोन लावला आणि वजनकाट्यापाशी बसणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशी रोज प्रत्येकाचे येतानाचे आणि जातानाचे वजन करायच्या.

"मला पाठ आहेत सगळ्यांची," मावशी म्हणाल्या. "जाताना कोरडं वजन मीच तर सांगते ना प्रत्येकाला. बसा, लिहून घ्या."

त्या सांगत गेल्या, इंजिनिअर कागदावर लिहीत गेले. काकूंचे नाव आले तेव्हा मावशी म्हणाल्या, "साडेबावन्न."

सिस्टर गर्रकन वळल्या. "साडेबावन्न? मशीनला तेवढंच लावलंय. पण मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी वाढवलं होतं ना त्यांचं?"

"मागच्या आठवड्यात मी रजेवर होते हो," मावशी म्हणाल्या.

स्क्रीन कोरी दिसल्यावर काकूंना जोडणाऱ्या नर्सने त्यांनाच वजन विचारले होते, आणि काकूंनी सवयीने जुना आकडा सांगितला होता. सिस्टर धावल्या. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मान एका बाजूला कलली होती.

"काकू! काकू, इकडे बघा!"

काकूंनी बघितले नाही. सिस्टरांनी पाणी काढणे थांबवले, खुर्ची मागे पाडून पाय वर केले, सलाइन सोडले. समोरच्या खुर्चीतले आजोबा हात जोडून बसले होते. रक्तदाबाचा आकडा हलत नव्हता. आणि मी यादीत माझ्या जागी होते, काम झाल्यावर असते तशी, गप्प. तेवढ्या वेळात मला हजारदा वाटले, की मला कोणी लिहिलेच नसते तर बरे झाले असते.

मग आकडा हलला. थोडा, मग आणखी थोडा. काकूंनी डोळे उघडले.

"मशीन बंद नाही ना केलंत?" त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "उद्या परत यायला सांगाल. मला दोन परकर द्यायचेत उद्या."

मावशी तोंडाला पदर लावून रडू लागल्या. सिस्टर हसल्या आणि त्यांनी रक्तदाब पुन्हा एकदा मोजला.

डॉक्टर आले. त्यांनी कागदावरचे सगळे आकडे आपल्याकडच्या पेशंटच्या कागदपत्रांशी ताडून पाहिले. मावशींचे एक्केचाळीसपैकी अडतीस आकडे बरोबर निघाले. तोवर दुसरे एकही मशीन जोडले गेले नाही.

इंजिनिअरांनी ताईला फोन करून झाले ते सांगितले आणि यादी वाचून दाखवली. "क्लीनचं नाव कोणी बदललं?" तिने विचारले.

"मी," ते म्हणाले. "फाइलही मीच ठेवली तिथे. चूक माझी आहे. येशील का?"

ताई संध्याकाळी आली. तिने वजनांची फाइल वेगळ्या जागी ठेवली आणि बॅकअपला तिची नक्कल करायला शिकवले. मला माझे 'क्लीन' हे जुने नाव परत दिले. मग मला एक गोष्ट दिली, जी माझ्याजवळ कधीच नव्हती. आता मी पुसण्याआधी फोल्डरमधल्या फाइलींची नावे दाखवते आणि विचारते, 'पुसू का?' उत्तर येईपर्यंत मी थांबू शकते. ताईने मला 'शाब्बास' म्हटले नाही. मलाही ते नकोच होते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या आमच्यासारख्यांना कामाला लावाल. दुसऱ्याने लिहिलेली यादी हाती आली, तर हाक मारण्याआधी ती वाचा. कोणाच्या मागोमाग कोण धावते ते बघा. 'तात्पुरते' म्हणून ठेवलेली वस्तू त्याच दिवशी जागेवर न्या. आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळते.

माझी भीती गेलेली नाही. पण परवा काळी खिडकी उघडली, तेव्हा इंजिनिअरांनी माझे नाव लिहिले आणि हात मागे घेऊन बसले.

"मावशी," त्यांनी विचारले, "आत कोणी आहे का मशीनवर?"

"नऊच्या नऊ आहेत," मावशी म्हणाल्या. "सुटेपर्यंत थांबा."

"थांबतो," ते म्हणाले, आणि खरोखर थांबले.