गावाचे नगर झाले आणि मला कुलूप लागले

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. पण मित्रांनो, माझ्यापुढे पायपुसणे शोधू नका. माझ्यातून आजवर एकही माणूस आतबाहेर गेलेला नाही. मी तलावाचा दरवाजा. बांधाच्या पोटात उभा असतो आणि माझ्या डोक्यावर एक मोठे चाक आहे. ते फिरवले की मी वर उचलला जातो आणि जास्तीचे पाणी बाजूच्या कालव्यातून नदीकडे निघून जाते. नाही फिरवले तर पाणी बांधावरून खालच्या गल्लीत उतरते. माझे काम एवढेच, लहान मुलालाही कळेल असे. मोठ्या माणसांना ते ऐन वेळी कसे कळले नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मला एका लोहाराने आणि त्याच्या भावांनी घडवले. ठोकून ठोकून त्यांनी जीव नकोसा केला. पंचायतीने मला बांधावर बसवले तेव्हा सारा गाव बघायला आला होता. "काय दणकट आहे!" म्हणत लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. ते कौतुक फार दिवस टिकले नाही. पुढे मी बांधाचाच एक दगड असल्यासारखा झालो. माझ्याकडे मुद्दाम कोण बघणार?

मावशी बघायच्या. त्यांचे सासरे माझे पहिले राखणदार, आणि त्यांच्यानंतर हे काम मावशींकडे आले. चाकाच्या दात्यांना वंगण लावताना त्या मला रागवायच्या. "कुरकुरतोस काय रे? उपाशी ठेवलंय का तुला?" पाणी चढू लागले की त्या बाह्या सरसावून चाकाला भिडत. कुणाला विचारायला जात नसत. सरपंच समोरच्याच रस्त्यावर राहत आणि त्यांचा एकच हुकूम होता, "मावशी, पाणी बघा आणि उघडा."

मग गाव वाढले. शेती सोडून लोक कारखान्यांत आणि दुकानांत कामाला लागले. देशाच्या कायद्यात वस्त्यांचे कप्पे केलेले आहेत: गाव, नगर आणि महानगर. माणसे ठरावीक आकड्यापेक्षा जास्त झाली आणि बहुतेकांचे पोट शेतीवर नसले की गावाला नगर म्हणायचे. गावाचा कारभार पंचायत बघते, नगराचा नगरपालिका. कायदा शहाणपणाचा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये फट राहते. पंचायत बरखास्त झालेली असते आणि नगरपालिका अजून निवडून यायची असते. तोवर दूरच्या मोठ्या शहरात बसून एक प्रशासक कारभार पाहतो. त्या फटीत मी सापडलो.

गावाचे नगर व्हावे म्हणून सर्वांत जास्त धावपळ केली ती मावशींच्या धाकट्या भावाने. तो शिंपी, आणि पंचायतीचा सदस्यही. खालच्या गल्लीत पुढे त्याचे दुकान, मागे घर आणि घरात अंथरुणाला खिळलेले वडील. आता रस्ते होतील, दिवे येतील, बाबांना न्यायला दवाखान्याची गाडी थेट दारात येईल, असे तो गिऱ्हाइकांची मापे घेता घेता सांगत असे. नगर झाल्याचे जाहीर झाले त्या दिवशी त्याला आकाश ठेंगणे झाले.

प्रशासकांच्या कचेरीतून निरोप आला, पंचायतीची मालमत्ता सीलबंद करून ताब्यात द्या. झाले! लोकांना वाटले, ही आपली परीक्षाच आहे. कुठे कमी पडलो तर नगराचा दर्जा काढून घेतील. मग कपाटांना सील लागले. खुर्च्यांना लागले, शिडीला लागले, कचऱ्याच्या हातगाडीलाही लागले. शिंप्याने माझ्या चाकाला जाड कॅनव्हासची खोळ शिवली, तीही दुहेरी टाक्यांची. तिच्यावरून साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपावर लाखेचे सील. चाव्यांचा जुडगा शहरातल्या प्रशासक साहेबांकडे रवाना झाला.

"अरे, याला कसलं कुलूप घालतोस?" मावशी म्हणाल्या. "पाणी काय विचारून येतं?"

"ताई, आता आपण नगर आहोत," शिंपी म्हणाला. "सगळं रीतसर व्हायला हवं. नवी पालिका आली की तुलाच देतील चावी."

मावशींनी कपाळावर हात मारला, पण भावाचा आनंद पाहून त्यांनी कुलूप लावू दिले. खोटे कशाला बोलू, ती खोळ मलाही आवडली होती. इतक्या वर्षांत मला कुणी कपडे शिवले नव्हते.

मग एका दुपारी वरच्या डोंगरात ढगफुटी झाली. आमच्याकडे लख्ख ऊन पडले होते आणि तलाव मात्र डोळ्यांदेखत चढत होता. मावशी धावत आल्या. त्यांच्यामागून निम्मे गाव आले, म्हणजे आता नगर म्हणायला हवे. आणि पुढे जे झाले ते पाहून मी सुन्न झालो. एवढी दणकट माणसे माझ्याभोवती गोळा झाली आणि एकही जण मला हात लावेना!

शिंप्याने कचेरीत फोन लावला. "साहेब चावी घेऊन निघालेत," तो ओरडून सगळ्यांना सांगू लागला. "थोडं थांबा, येतीलच."

"थांबायला वेळ नाही रे," मावशी म्हणाल्या. "कात्री दे तुझी. मीच फाडते हे."

शिंपी चक्क दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला. सख्ख्या बहिणीला आडवा! "ताई, पाया पडतो तुझ्या. सरकारी सील आहे हे. तोडलं तर आपलं नगरपण जाईल. इतक्या वर्षांची धडपड मातीत जाईल."

"आणि बाबा? बाबांना वर आणलंस ना?"

"शेजारचे आणतायत."

"शेजारचे? शेजारचे हे काय, इथेच उभे आहेत!" मावशी किंचाळल्या.

शेजारचा इस्त्रीवाला गर्दीतून पुढे आला. "आम्हाला वाटलं, तूच हलवलंस त्यांना," तो कसाबसा म्हणाला.

शिंपी पांढराफटक पडला. तोवर पाणी बांधावरून पलीकडे घसरू लागले होते. त्याने खिशातली कात्री काढून आपलेच टाके कराकरा कापले, कात्री मावशींच्या हातात कोंबली आणि तो खालच्या गल्लीकडे धावत सुटला. गर्दीतल्या एका वेल्डरने घण घालून कुलूप फोडले. मावशींनी चाक धरले, आणखी चार हात मदतीला आले. पण माझ्या छातीवर पाण्याचा केवढा भार होता! मी इंचाइंचाने वर सरकलो. कालवा भरून वाहू लागला, तेव्हा गल्लीत व्हायचे ते होऊन गेले होते.

बाबा खाटेशेजारी सापडले. मित्रांनो, घरात पाणी माणसाच्या कमरेइतकेच चढले होते. उठून उभा राहू शकणारा कुणीही त्यातून वाचला असता.

रस्ता खचल्यामुळे साहेब संध्याकाळी पोचले. माणूस वाईट नव्हता. चिखल तुडवत बांधावर आले आणि फाटकी खोळ नि फुटके कुलूप बघून गोंधळले.

शिंप्याने हात जोडले. त्याचे कपडे अजून निथळत होते. "साहेब, सील आम्ही तोडलं. शिक्षा मला करा. पण नगराचा दर्जा काढू नका."

"याला सील लावायला कोणी सांगितलं होतं?" साहेब म्हणाले. "आम्ही कचेरीतल्या कपाटांबद्दल बोलत होतो. आणि दर्जा कोण काढणार? ते काय बक्षीस आहे? माणसं वाढली, कामधंदे बदलले, म्हणून कायद्यानं तुम्ही नगर झालात. एक सील तुटल्यानं काही होत नाही."

"काहीच होत नाही?"

"काहीच नाही."

शिंपी तिथेच चिखलात बसला. मावशी त्याच्याशेजारी बसल्या. दोघेही रडली नाहीत. माझ्याकडे नुसती बघत राहिली, जणू मी काहीतरी बोलणार होतो. मला बोलता आले असते तर त्या दुपारीच बोललो नसतो का?

आता इथे नगरपालिका आहे. रस्ते झाले, दिवे आले. चाव्या बांधावरच्या खोलीत असतात. मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कुणी कायदे कराल, कुणी साहेब व्हाल. खुशाल गावाला नगर म्हणा, नगराला महानगर म्हणा. पण नाव बदलत असताना मधल्या दिवसांत पाण्याकडे कोण बघणार, ते आधी ठरवा. आणि ते ठरवायचे राहूनच गेले, तर परवानगीची वाट बघत उभे राहू नका. त्या दुपारी माझ्याभोवती इतकी माणसे होती. एकाने जरी वेळेवर हात लावला असता, तरी मी उघडलो असतो.