मुंगीच्या मापाची सायकल

आमच्या घरात नवा कपडा पहिल्या दिवशी कधीच कुणाला नीट बसला नाही. शिंप्याचं घर आहे, मापं घेता येतात. पण मी प्रत्येक शिवणीत आत कापड सोडते. शाळेचा शर्ट पहिल्या वर्षी बोटं झाकतो, दुसऱ्या वर्षी अंगासरशी बसतो आणि तिसऱ्या वर्षी उसवून पुन्हा घालायचा. चपलासुद्धा अंगठ्यापुढे जागा ठेवून घ्यायच्या. माझी सून लग्न होऊन आली तेव्हा याला हसली होती. आता तीही तसंच शिवते, हसायचं मात्र सोडलेलं नाही.

तिची मुलगी, माझी नात, अंगानं एवढीशी. तिला सगळे मुंगीच म्हणतात. या मुंगीनं डोंगरावर सायकल चालवायचं खूळ घेतलं. मैत्रिणीची सायकल मागून मागून शिकली, आणि बरी शिकली असणार, कारण शाळेत सायकल शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "रविवारी टेकडीवर चाचणी आहे. स्वतःची सायकल घेऊन ये. वरपर्यंत पोचलीस तर संघात घेईन." मैत्रीणही त्याच चाचणीला, म्हणजे तिची सायकल मिळायची आशा नाही. मुंगीनं मला हे सांगितलं ते मी काज करत बसले होते तेव्हा. हातात सुई असली की मी ओरडत नाही, हे तिला ठाऊक आहे.

"फार महागातली नको, आजी. साधी, सुरुवातीची."

"महागातली देतंय कोण तुला?" मी म्हटलं. म्हणजे साधी देणार, हे ती समजली आणि उड्या मारत पळाली.

शनिवारी आम्ही तिघी दुकानात गेलो. दुकानदारानं आधी काढली ती लाल-पिवळी, पुढे धक्के झेलणारा शॉक, मागेही शॉक, डोळे दिपवणारी.

"घ्या आजी. या किमतीत दोन शॉक तुम्हाला कुठे मिळायचे नाहीत."

"तुमची आजी कधी झाले मी?" असं म्हणून मी सीट दाबली. ती झोळ पडलेल्या खाटेसारखी खाली गेली आणि वर यायला विसरली. मग सायकल उचलून पाहिली. "हिच्यावर बसून टेकडी चढायची, की हिला खांद्यावर घेऊन?"

सून तोंडाला पदर लावून हसली. दुकानदारानं मुकाट्यानं दुसरी काढली. पुढे तेवढा शॉक, मागे काही नाही, हलकी फ्रेम, मोजके गिअर, खाचा असलेले जाड टायर. उचलली तर उचलली गेली. ब्रेक दाबला तर चाक जागच्या जागी थांबलं. रंग मातकट होता, पण रंगानं काय टेकडी चढायची आहे?

"ही द्या," मी म्हटलं. "मोठ्या मापातली."

"ताईंना लहान माप लागेल."

"वाढत्या अंगाची पोर आहे. पुढच्या वर्षी काय तुमच्याकडून दुसरी घेऊ?"

दुकानदारानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं छताकडे पाहिलं. मुंगी मोठ्या सायकलीवर चढली, म्हणजे जवळजवळ लटकलीच, आणि समोरच्या चढावरून एक चक्कर मारून आली. चालवली छान. पण थांबायची वेळ आली तेव्हा पाय जमिनीला पोचेना. एका अंगाला कलली, ती सायकलीसकट आडवी. कोपर खरचटलं.

"चालेल आजी," उठता उठता म्हणाली. "हीच घेऊ. होईल सवय."

डोळ्यांत पाणी, आणि म्हणे चालेल. आता सून पुढे आली.

"आई, ती घाबरून हो म्हणतेय. तिला वाटतंय, नको म्हटलं तर तुम्ही तशाच घरी निघाल. उद्या टेकडीवर दगडात चाक अडकलं तर पाय टेकवायला नको का? शर्ट मोठा झाला तर आपण दुमडतो. ही सायकलीची आडवी नळी कुठून दुमडायची, ते सांगा."

मी सायकलीकडे नीट पाहिलं. कुठे शिवण नाही, कुठे दुमड नाही. टेप गळ्यात होताच. मुंगीच्या पायाचं आतून माप घेतलं, मग जमिनीपासून त्या आडव्या नळीपर्यंतचं घेतलं. नळीच उंच भरली. टेप गुंडाळला.

"लहान काढा," मी म्हटलं.

"मी मघापासून तेच म्हणत होतो, आजी."

"मघापासून तुम्ही बरंच म्हणताय. ती दोन शॉकवाली खाटही तुम्हीच म्हणत होता."

मग मात्र तो मोकळेपणानं हसला आणि लहान सायकलीच्या सीटखालचा दांडा वर ओढून दाखवला. आत पुष्कळ लांब होता. उंची वाढली की सीट वर घ्यायची. सून म्हणाली, "बघा आई, यांनीही आत कापड सोडलंय." माणूस अगदीच वाया गेलेला नाही असं माझं मत झालं.

रविवारी आम्ही दोघी टेकडीच्या पायथ्याशी उभ्या राहिलो. अर्ध्या वाटेवर मुंगीचं चाक दगडांत अडकलं. तिनं एक पाय खाली टेकवला, सायकल थोडी मागे घेतली, हलका गिअर टाकला आणि पुन्हा निघाली. वळणाआड दिसेनाशी झाली. मग अगदी वर एक ठिपका दिसला, दोन्ही हात हलवणारा.

"पोचली!" सून ओरडली आणि माझ्या गळ्यातच पडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

मुंगी खाली आली ती धुळीनं माखून. मागून बाई आल्या. गुरुवारपासून सरावाला पाठवा म्हणाल्या. मुंगी पाणी प्यायला पळाली. या असल्या सायकलींना स्टँड नसतो, म्हणून मी हँडल धरून उभी राहिले. कुणाची तरी आई जवळ येऊन विचारू लागली, "तुमची का हो सायकल?"

"मग कुणाची?" मी म्हटलं, आणि मुंगीनं येऊन मागितली तरी जरा वेळ सोडली नाही.