शनिवारच्या माणसाची हिरवी गाडी

मी बोलतेय, थायलंडमधल्या सुपानबुरीच्या सनानच्या घराशेजारी पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली हिरवी गाडी.

रायोंगच्या कारखान्यातून निघाले तेव्हा माझा हिरवा असा होता की येणारेजाणारे माझ्यात बघून भांग सारखा करत. पहिली मालकीण शाळेतल्या बाई. त्यांनी मला कधी खरचटूही दिलं नाही. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि सनाननं मला घेतलं. रंग बघूनच घेतलं. हे तो नंतर सोयीनं विसरला.

एका लग्नाहून तो तांदळाची दारू ढोसून आला आणि मला मागे घेताना आरशात बघितलंच नाही. शेजारच्या प्रानोम मावशीची भाजक्या केळ्यांची हातगाडी मी, म्हणजे त्यानं, भिंतीला चेपली. मावशीचा घोटा मोडला. माझी डिकी आत गेली.

सकाळी सनान शुद्धीवर आला तो कारण घेऊनच. "मी शनिवारचा. शनिवारी जन्मलेल्याला हिरवा सोसत नाही." गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून मावशीनंही. दारूचा वास सगळ्यांना आला होता. पण मोठ्या माणसाचं तोंड हुंगायचं नसतं, त्याची अब्रू राखायची असते. ती राखायला मी सापडले.

गप्प बसली नाही ती एकटी खेम, सनानची मुलगी. गाड्या दुरुस्तीचं, रंगकामाचं शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेली, कारण मास्तर स्प्रे गन फळ्यावर काढून दाखवत आणि खरी कपाटात कुलूपबंद ठेवत.

"डिकी मी घरीच रंगवते," ती म्हणाली. "हिरवीच."

"सगळी पांढरी कर. हिरवी ठेवलीस तर भंगारात घालीन."

"रंग बदलला की तुम्ही खरे ठरता, बाबा. म्हणून हिरवीच."

तिनं पत्रा ठोकून सरळ केला, खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासघासून माझी पाठ गुळगुळीत केली. चिलटं बसू नयेत म्हणून भोवती मच्छरदाणी बांधली, धूळ दबावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं. आधी करडा प्रायमर. मग हिरवा, हलक्या हातानं, एक थर सुकला की दुसरा. नुसता रंग फार मठ्ठ दिसतो. माझा मलाच परका वाटला. वर चकाकीचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, बसला आणि तोच हिरवा आतून जागा झाला. खेम तोंडावरचा मास्क उतरवून बघतच राहिली.

"कुणी हात लावायचा नाही," असं बजावून ती आंघोळीला गेली.

सनान तेवढ्याचीच वाट बघत होता. आमच्याकडे असल्या अडचणीवर बाजारात तोड मिळते: छापलेली चिकटपट्टी. 'ही गाडी पांढरी आहे.' ती लावली की ग्रहांच्या लेखी गाडी पांढरी. त्यानं ती माझ्या ओल्या पाठीवर ठेवली, तळव्यानं नीट दाबली आणि हात जोडले. मला भंगारात घालायचं त्याच्याही मनात नव्हतं, एवढं त्यातून कळलं.

खेमनं येऊन पट्टी ओढली. क्लिअर आणि हिरवा, दोन्ही तिच्याबरोबर सोलून निघाले. खाली करडा चौकोन.

ती ओरडली नाही. "आता आणखी एक पट्टी आणा," ती म्हणाली. "'चालवणारा शुद्धीत आहे.' तीही लावून टाकू."

कुंपणापलीकडून कुबड्यांवरची मावशी डोकावली. "छान झाली होती गं. सनानदादा, आता तरी पांढरी करून टाका."

सनानच्या हातात चुरगळलेली पट्टी होती. गोंदाला लागून आलेला हिरवा त्याच्या बोटांना लागला होता. तो पुसायला त्यानं लुंगी धरली, मग सोडली.

"नको," तो म्हणाला. "रंगाचं काही नव्हतं, प्रानोम. मी प्यायलो होतो."

"ठाऊक आहे की," मावशी म्हणाली. "वास आला होता."

खेम तिच्याकडेही बापाकडे बघावं तशीच बघत राहिली. मावशीनं नजर आपल्या शेगडीवरच्या केळ्यांकडे वळवली.

तो चौकोन पुन्हा घासून झालाय. सनान पाणी ओतत होता; नको तिथे ओतलं म्हणून त्यानं पोरीची बोलणीही खाल्ली, उलट उत्तर न देता. आत्ताच नवा प्रायमर बसलाय. मोठ्या माणसांनो, पत्र्याला तोंड नाही म्हणून तुमचं आमच्यावर ढकलू नका. हिरवा अजून मारायचाय. बघायला या, पण हात मागे बांधून.