रिकाम्या जागेवरची जुडी

आमची सून अमेरिकेच्या फुटबॉलवर नोकरी करते असं सांगितलं की वेल्ह्याच्या बाजारात बायका माझ्याकडे संशयाने बघतात. पण ते खरं आहे. सोनिया मूळची किकवीची, हायवेच्या कडेची. लग्नानंतर पुण्याच्या एका कंपनीचं काम ती आमच्या पडवीत बसून करू लागली. तिकडच्या मोठ्या संघांचे सामने थंडीत होतात. मग उन्हाळा-पावसाळाभर त्या सामन्यांतला एकेक पास पुन्हा बघायचा आणि तो कुणी टाकला, कुठे टाकला, कुणी धरला हे लॅपटॉपमध्ये भरायचं.

मला तो खेळ काही आवडला नाही. अंड्यासारखा चेंडू, डोक्याला हेल्मेट, अंगात घट्ट विजारी, आणि जरा वेळ गेला की धिप्पाड बाप्ये एकमेकांच्या अंगावर. नवी सून दिवसभर हे बघत बसते म्हणून माझं डोकं फिरलं होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ती हसून म्हणाली, आत्या, मी माणसं बघत नाही, चेंडू बघते. उत्तर चोख होतं, पण मी तसं कबूल करणारी नव्हे.

त्या वर्षी थंडीत आमचे मालक, मानसिंग, पाबे घाटात मोटारसायकलवरून पडले. उजवा खांदा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. पुन्हा पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे चिखलात उतरणंही बंद झालं.

आता, हात वर जात नाही म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला लगेच कळेल. भाताची लावणी बायका करतात, ओणव्याने, मागे मागे सरकत. बांधावरचा माणूस रोपांच्या जुड्या फेकत असतो. जुडी बाईच्या हातात द्यायची नसते. ती जिथे अजून पोचलेली नाही, पण हातातली रोपं संपतील तेव्हा जिथे पोचेल, त्या रिकाम्या चिखलात ती टाकायची. बाईने नुसता हात मागे न्यायचा. जुडी टाकणाऱ्याकडे वळून बघायचं नाही, हा आमचा रिवाज. बघितलं तर त्याच्यावर भरवसा नाही असा अर्थ होतो, आणि त्यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

मालकांसारखा जुडी टाकणारा आमच्या खोऱ्यात नव्हता. माझं लग्न झालं त्या पावसाळ्यापासून मी मागे हात नेत आले आणि तिथे जुडी असायचीच. माणूस घरात कधी गोड बोलला नाही, पण मला कधी रिकाम्या हाताने थांबावं लागलं नाही. आमच्या सावडीच्या बायका, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबणाऱ्या आम्ही, सगळ्या त्यांच्याच भरवशावर लावत होतो.

त्यानंतरच्या लावणीला मात्र जुड्या टाकायला शेजारच्या चिमाजीला घ्यायचं असं सावडीत ठरायला लागलं. कुणी वाईट मनाने म्हणत नव्हतं. मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की शेत अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, देऊन टाकू, मला आता बांधावर काम नाही. त्यानंतर ते पडवीत बसून राहायला लागले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवून पुन्हा तिथेच. मला भीती वाटायला लागली होती. खांद्याची नव्हे. हा माणूस एकदा बांधावरून उतरला की पुन्हा कशातच उभा राहणार नाही, याची.

पडवीत सोनियाही असायची, त्यामुळे मालकांची नजर आपोआप लॅपटॉपवर जायची. एक दिवस ते एकदम म्हणाले, "ह्यो कुणाकडं टाकतोय? तितं तर कोन न्हाई." सोनियाने चित्र थांबवलं, पुन्हा चालू केलं. चेंडू हवेत असताना एक गडी धावत आला आणि त्या रिकाम्या जागेवर त्याने तो अलगद धरला. मालक पाठ सरळ करून बसले. पडवीत बसायला लागल्यापासून आपणहून बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

मग ती रोजची शाळा झाली. सोनिया सांगायची आणि मी भाजी निवडता निवडता न ऐकल्यासारखं करून ऐकायची. लॅपटॉपवर दिसत होता तो संघ काही वर्षं तळाला होता. चेंडू फेकणाऱ्याचा खांदा ऑपरेशनचा, लांबचं फेकणं संपलेलं. नवा कोच आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा पहिल्यांदा त्यालाच घरी बसवणार. कोचने त्याला ठेवलं आणि बाकीच्यांची पळण्याची वाट बदलली. लांब पळायचं बंद. आडवं पळायचं, जवळ वळायचं, चेंडू लवकर सुटणार. एक उंच, नावाजलेला गडी होता, लांब पळण्यावर त्याचं नाव झालेलं. तो रुसला, कोचशी बोलेना. आणि कोचचा एक नियम कडक होता. चेंडू हातातून सुटायच्या आत जो मागे वळून बघेल तो बाहेर बसेल. त्या मोसमात पासच्या खेळात तो संघ सगळ्यांत वर गेला.

मालक सकाळी चहा घेतानाच विचारायचे, आज तुझा खांदेवाला हाय का? असला तर पाट ओढून जवळ बसायचे.

लावणी तोंडावर आली तेव्हा सोनियाने चुलीपाशी मला गाठलं. आपलं भाताचं खाचर लांबोळकं आहे, म्हणाली. बायका ओढ्याच्या टोकाला सुरुवात करतात आणि मामा, म्हणजे मालक, दुसऱ्या टोकाच्या बांधावर उभे राहतात, म्हणून लांब फेकावं लागतं. तेच खाचर आडवं लावलं तर? लांब बांधाच्या कडेने मामांनी चालायचं, जुड्या आधीच बांधावर जागोजागी ठेवायच्या, आणि फेकायचं ते खाचराच्या रुंदीपुरतं. हात वर न्यायची गरजच नाही, खालून झोका दिला की झालं.

मला राग आला. जिने चिखलात पाय घातला नाही ती आम्हाला लावणी शिकवणार! मी तिला भाकरीकडे बघायला सांगितलं. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. संध्याकाळी मी पदर खोचला आणि अंबूबाईकडे गेले.

अंबूबाई म्हणजे आमच्या सावडीतली सगळ्यांत तरबेज बाई. तिची लांब पात, म्हणजे लावणीची ओळ, ओढ्यापासून बांधापर्यंत न थांबता, दोरी धरल्यासारखी सरळ. लोक बघायला थांबायचे. आडव्या लावणीत पात आखूड होणार, सारखं थांबून सरकावं लागणार. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यासाठी चहादेखील टाकला नाही. आपल्या सासूपासून कुणी असं लावलेलं नाही, म्हणाली. मी म्हटलं, तुझी पात आखूड होईल एवढंच, नाहीतर माझा माणूस पुरता संपेल. ती यायचं म्हणालीही नाही, नाहीही म्हणाली नाही. उठताना मला त्या रुसलेल्या गड्याची आठवण झाली.

लावणीच्या दिवशी ती आली. तोंड आंबट, पण आली. माझा लेक धनाजी कंपनीतून सुट्टी घेऊन सकाळपासून बांधावर जुड्या मांडत होता. मालक डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन उभे राहिले. सोनिया पलीकडच्या बांधावर. आम्ही ओळीने ओणवलो.

मालकांनी पहिली जुडी उचलली आणि आमच्या बायकांनी जे करू नये तेच केलं. साळूबाई वळली. तिच्या शेजारचीही वळली. "द्या दाजी, हातात द्या," असं म्हणत साळूबाईने तर सरळ उभं राहून दोन्ही हात पुढे केले, आजारी माणसाच्या हातून ताट घ्यावं तसे. प्रेमानेच.

मालकांनी जुडी होती तिथे परत ठेवली. चिमाजीला बोलवा, म्हणाले, आणि पाठ फिरवली.

सोनिया काहीतरी बोलायला पुढे झाली, पण मी तिच्या आधी सरळ झाले. मालकांकडे बघितलं नाही, बायकांकडे बघितलं. "जिला मागं वळून बघायचं आसंल तिनं बांधावर जाऊन बसावं. हितं चिखलात तिचं काम न्हाई."

साळूबाईचा चेहरा उतरला. कुणी हललं नाही. तेवढ्यात अंबूबाई, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, खाली वाकली. हातातली रोपं भराभर लावून संपवली, एक पाऊल मागे सरकली, आणि मान वर न करता उजवा हात मागे नेला. बोटं उघडी, पालथी नाही, उताणी. हात तसाच धरून ती थांबली.

मग आम्हीही ओणवलो, आणि आमच्यातली कुणी वळली नाही. मालक थांबलेत की घराकडे निघालेत, ते आम्हाला दिसत नव्हतं. पाण्यात नुसते थेंब पडत होते. अंबूबाईचं वय झालंय, कंबर दुखत असेल, पण तिने हात काढला नाही. मला वळून बघायची इतकी इच्छा झाली की मी मानेचे स्नायू आवळून धरले.

चप्प असा आवाज आला. अंबूबाईचा हात थोडा डावीकडे सरकला, चाचपला, आणि जुडी घेऊन पुढे आला. जुडी वीतभर चुकली होती. ती तशीच लावायला लागली. मग साळूबाईच्या मागे एक पडली, तिच्याही बाजूला, जरा जवळ. मग आणखी एक.

माझी रोपं संपली. मी हात मागे नेला. तिथे चिखल होता, नुसता चिखल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला थांबावं लागलं. मी हात काढला नाही. मनात म्हटलं, घ्या तुमचा वेळ, मी आहे.

आणि जुडी आली. हातावर नाही, हाताच्या मागे, मी अजून पोचले नव्हते तिथे. माझ्या पाठीवर चिखल उडाला. पलीकडच्या बांधावरून सोनिया एकदम हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी असावं असं त्या हसण्यावरून वाटलं. मी एक पाऊल मागे सरकले आणि ती उचलली.